राउटरच्या बोर्डवर यूएसबीची जागा रिकामी आहे, पोर्ट बसवता येईल का?

द्राक्षवेल_ओझर | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

घरातला जुना वायफाय राउटर उघडून बसलोय. मागच्या बाजूला लॅनची चार सॉकेटं, वॅनचं एक आणि अडॅप्टरची पिन. पण आत बोर्डच्या कडेला आणखी एका सॉकेटची जागा आहे. ओळीने चार छोटी भोकं आणि दोन्ही बाजूंना दोन मोठी. शेजारी पांढऱ्या अक्षरांत ‘जे ५’ छापलंय. आसपास बऱ्याच बारीक पार्टच्या जागाही रिकाम्या आहेत, त्यांत एक पाच पायांच्या आयसीची आणि थोडी लांब एक आठ पायांच्या आयसीची. मला ही यूएसबीची जागा वाटतेय.

पोर्ट कशासाठी हवाय ते सांगतो. बागेत पानांचा ओलावा, तापमान आणि आर्द्रता नोंदवणारं एक यंत्र बसवलंय. त्याला यूएसबीची वायर आहे, आत सीएच ३४० चिप (यूएसबीचं सिरीयलमध्ये रूपांतर करणारी). सध्या लॅपटॉप घेऊन शेडवर जायचं, आकडे उतरवायचे आणि परत यायचं. गोडी छाटणी झालीय, फुटी निघाल्यात. रात्री पावसाची सर येऊन गेली तर पान किती तास ओलं राहिलं हे मला सकाळी चहाच्या आधी कळायला हवं, कारण डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी त्यावर ठरते. चार दिवसांनी आकडे बघून काय करणार? शेडपासून घरापर्यंत वायफाय पोचतं. राउटरवर ओपन-डब्ल्यूआरटी १९.०७ (राउटरसाठीची लिनक्सवर आधारित मोफत प्रणाली) आधीच टाकलेलं आहे. यंत्र थेट राउटरला जोडता आलं तर काम झालं.

सोल्डरिंग येतं, पंपाच्या स्टार्टरची आणि इन्व्हर्टरची बारीकसारीक कामं मीच करतो. पण इतक्या बारीक बोर्डवर काम केलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

सातपूरकर | शनिवार, रात्री १०:२५

सोल्डरिंग गन अजून गरम करू नका. सॉकेट बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरा प्रश्न असा की कंपनीने ती जागा रिकामी सोडताना सॉकेटच्या मागचं आणखी काय काय गाळलंय.

एकच पीसीबी, म्हणजे छापील बोर्ड, दोन-तीन मॉडेलांसाठी काढतात. महागड्या मॉडेलला यूएसबी, स्वस्तातल्याला नाही. स्वस्त मॉडेलच्या पार्टयादीत त्या पार्टांपुढे ‘बसवू नये’ अशी खूण असते आणि मशीन त्या जागा सोडून पुढे जातं. तांब्याचे ट्रॅक मात्र छापलेलेच राहतात, कारण तेवढ्यासाठी वेगळा बोर्ड काढणं परवडत नाही. म्हणून अशा बोर्डांवर पुष्कळदा चिपपासून भोकांपर्यंतचा रस्ता तयार असतो.

आधी मुख्य चिपचा नंबर वाचा. यूएसबीचा कंट्रोलर चिपच्या पोटात नसेल तर पुढचं सगळं वाया. मग मोजपट्टी घ्या. टाइप-ए सॉकेटच्या चार पिनांमधली अंतरं २.५, २ आणि २.५ मिमी असतात, म्हणजे मधलं अंतर थोडं कमी. बाजूच्या दोन मोठ्या भोकांत मध्यापासून मध्यापर्यंत १३ मिमीच्या किंचित वर. चारही भोकं सारख्या २.५४ मिमीवर असतील तर सावध राहा, ते सिरीयल कन्सोलचं (संगणकावरून राउटरशी थेट बोलण्याच्या मार्गाचं) हेडर असू शकतं. तिथं ३.३ व्होल्टचा कारभार असतो, ५ व्होल्ट घातलेत तर चिप गेली समजा.

अंतर जमलं तर मल्टीमीटर बीपवर ठेवा आणि एक प्रोब अडॅप्टरच्या जॅकच्या ग्राउंडला लावा. टोकाच्या दोनपैकी जे भोक बीप देईल ते ग्राउंड. त्याच्या शेजारी डी प्लस, मग डी मायनस (या दोन डेटाच्या लाइनी), आणि दुसऱ्या टोकाला ५ व्होल्ट. केबलच्या रंगांत सांगायचं तर काळा, हिरवा, पांढरा, लाल.

अडॅप्टरवर काय लिहिलंय तेही कळवा. आणि दोन्ही बाजूंचे फोटो टाका, दिवसाच्या उजेडात काढलेले.

गोदाकाठ | शनिवार, रात्री ११:०५

एक वेगळं मत मांडतो, राग मानू नका. यूएसबी असलेला वापरलेला राउटर सहज मिळतो. एम. जी. रोडला चक्कर मारा किंवा ओळखीत विचारा. बागेचा निर्णय ज्या आकड्यांवर घ्यायचाय ते आकडे जोडकाम केलेल्या बोर्डवरून येणार असतील तर ऐन हंगामात दगा नको. नाहीतर ईएसपी ३२ हा वायफायवाला छोटा बोर्ड घ्या आणि यंत्राचे सेन्सर थेट त्याला जोडा, राउटरचं लफडंच नको.

द्राक्षवेल_ओझर | रविवार, सकाळी ११:४०

गोदाकाठ, तुमचा मुद्दा पटतो. पण यंत्राचे सेन्सर कंपनीने कॅलिब्रेट करून सीलबंद दिलेत, ते फोडायचे नाहीत. आकडे यूएसबीतूनच घ्यावे लागतील. आणि आकडे यंत्राच्या स्वतःच्या मेमरीतही राहतात, त्यामुळे राउटर बंद पडला तरी नोंद जात नाही, फक्त मला उशिरा कळेल. म्हणून प्रयोग करायला हरकत वाटत नाही. राउटर तसाही माळ्यावरच पडून होता.

सातपूरकर काका, सांगितलंत तसं मोजलं. अंतरं तंतोतंत जुळली. चिपवर एआर ९३३१ लिहिलंय. रॅम ३२ एमबी, फ्लॅश ४ एमबी. अडॅप्टर ९ व्होल्ट, ०.६ अँपिअर.

लॅन सॉकेटांकडच्या टोकाचं भोक ग्राउंडला बीप देतं. दुसऱ्या टोकाचं भोक पाच पायांच्या रिकाम्या आयसीच्या एका पॅडपर्यंत जातं. त्या आयसीचा दुसरा एक पाय पुढे आठ पायांच्या रिकाम्या जागेकडे जातो, त्याच्या बाजूला मोठ्या कॉइलची जागा आहे, तीही रिकामी. मधली दोन भोकं दोन रेझिस्टरच्या रिकाम्या पॅडांवर थांबतात. पॅडांच्या पलीकडून दोन ट्रॅक अगदी एकमेकांना चिकटून चिपकडे जाताना दिसतात. फोटो खाली जोडलेत.

पंचवटी_लिनक्स | रविवार, दुपारी १२:१५

एआर ९३३१ म्हणजे चांगली बातमी. ४०० मेगाहर्ट्झचा मिप्स प्रोसेसर, आणि यूएसबी २.० चा कंट्रोलर चिपमध्येच आहे. याच चिपचे यूएसबीवाले छोटे राउटर एके काळी भरपूर विकले जायचे.

अडचण सॉफ्टवेअरची. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांना ओपन-डब्ल्यूआरटीची अधिकृत साथ १९.०७ पर्यंतच होती. म्हणजे सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या तुम्हाला मिळणार नाहीत. हा राउटर इंटरनेटच्या तोंडावर बसवू नका. घरच्या मुख्य राउटरच्या मागे, फक्त आकडे पोचवण्यासाठी ठेवा.

दुसरं, तुमच्या मॉडेलला यूएसबी नाही असं धरूनच तो फर्मवेअर (राउटरच्या फ्लॅशमधलं सॉफ्टवेअर) बांधलेला असणार. डिव्हाइस ट्री नावाची एक फाइल असते, कुठलं हार्डवेअर चालू आणि कुठलं बंद हे कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, तिच्यातून कळतं. तिथं यूएसबीचा भाग बंद असेल तर तुम्ही सोन्याचं सॉकेट बसवलंत तरी काही दिसणार नाही. ती ओळ बदलून फर्मवेअर मूळ सोर्सपासून बांधावा लागेल. इमेज बिल्डर या तयार साधनाने भागणार नाही, कारण तो आधीच बांधलेला कर्नल वापरतो. लॅपटॉपवर लिनक्स, १०-१५ जीबी मोकळी जागा आणि काही तास लागतील.

फ्लॅशमध्ये जागा करायला राउटरच्या सेटिंगचं वेबपान काढून टाका, सगळं कमांडने करा. यूएसबीचा गाभा, ईएचसीआयचा (यूएसबी २.० कंट्रोलरचा) ड्रायव्हर आणि सीएच ३४० चा ड्रायव्हर एवढंच घाला. तपासणीपुरता पेन ड्राइव्हचा ड्रायव्हर घेतलात तर उत्तम. फाइल सिस्टमचे ड्रायव्हर नकोत, पेन ड्राइव्ह नुसता ओळखला गेला तरी पुरे.

हो, आणि सोल्डरिंगच्या आधी सिरीयल कन्सोल जोडून ठेवा. फर्मवेअर बिघडला तर राउटर परत उठवायला तोच मार्ग. ‘जे ५’ च्या पलीकडे ती चार सारख्या अंतरावरची भोकं फोटोत दिसतायत.

सातपूरकर | रविवार, दुपारी ३:३०

फोटो बघितले. तुमचं वर्णन अचूक आहे, त्यावरूनच सगळं कळतंय.

आठ पायांची रिकामी जागा आणि कॉइल म्हणजे ५ व्होल्टचा कन्व्हर्टर. तो गाळलाय. या बोर्डवर ९ व्होल्टचे थेट ३.३ होतात, ५ व्होल्ट कुठेच नाहीत. पुष्कळ लोक इथेच चुकतात. सॉकेट लावतात, पेन ड्राइव्हचा दिवा लागत नाही, मग ५ व्होल्ट शोधत बोर्डभर प्रोब फिरवतात आणि घसरलेल्या प्रोबने दोन ट्रॅक जोडून बोर्डच संपवतात. माझ्याकडे असे बोर्ड येत असतात.

तो कन्व्हर्टर जसाच्या तसा उभा करायच्या भानगडीत पडू नका. त्यातला प्रत्येक कपॅसिटर-रेझिस्टर कितीचा हे छापलेलं नसतं. एमपी १५८४ चं व्होल्टेज उतरवणारं छोटं तयार मॉड्यूल मिळतं, बोटाच्या पेराएवढं, ते राउटरच्या डबीत मावेल. एलएम २५९६ चं मॉड्यूलही चालेल पण आकाराने मोठं. ७८०५ (जास्तीचे व्होल्ट उष्णतेत घालवणारी रेग्युलेटर आयसी) लावू नका. ९ मधून ५ वजा केले तर ४ व्होल्ट उरतात, अर्ध्या अँपिअरला २ वॉटची नुसती उष्णता, ती त्या बंद डबीत कुठे जाणार?

मॉड्यूल बोर्डला जोडण्याआधी त्याला ९ व्होल्ट देऊन आउटपुट मोजा आणि बारीक स्क्रूने ५.१ वर आणा. नवं मॉड्यूल कुठल्याही व्होल्टेजवर आलेलं असतं. यूएसबीला ४.७५ ते ५.२५ चालतं, त्याच्या वर नाही. सेट झालं की स्क्रूवर नेलपेंटचा थेंब टाका म्हणजे हलणार नाही.

मॉड्यूलचं इनपुट अडॅप्टरच्या जॅककडून घ्या. आउटपुट ५०० मिलिअँपिअरच्या पॉलिफ्यूजमधून (थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) सॉकेटच्या लाल बाजूच्या भोकाला. तिथंच ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये २२० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर लावा. यूएसबीच्या नियमात पोर्टला किमान १२० मायक्रोफॅरड सांगितलेत, त्याचं कारण आहे. बाहेरचं यंत्र जोडलं की त्याचे कपॅसिटर एकदम करंट ओढतात, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि राउटर रिसेट होतो. लोक दोष सोल्डरिंगला देतात.

पाच पायांची आयसी म्हणजे करंटवर लक्ष ठेवणारा पॉवर स्विच. पॉलिफ्यूज असल्यावर ती नसली तरी चालेल. लावायचीच असेल तर डेटाशीट वाचून घ्या. टीपीएस २०४१ आणि टीपीएस २०५१ एकसारख्या दिसतात, पण एकीचा इनेबल पाय ग्राउंडला गेल्यावर ती चालू होते, दुसरीचा पाय वर खेचल्यावर.

अडॅप्टर बदला. ९ गुणिले ०.६ म्हणजे ५.४ वॉट. यूएसबी पूर्ण लोडला २.५ वॉट, मॉड्यूलचा तोटा धरून ३ च्या आसपास. वायफाय जोरात चालू असताना राउटरला उरलेलं जेमतेम पुरेल. ९ व्होल्ट १ अँपिअरचा घ्या, पिनची पोलॅरिटी तपासून.

अमृतधाम | रविवार, संध्याकाळी ५:१०

मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सची लॅब बघते. काकांनी पॉवरचं सगळं सांगितलंय, मी दोन डेटा लाइनींबद्दल लिहिते.

ते दोन रिकामे रेझिस्टर पॅड म्हणजे डी प्लस आणि डी मायनसच्या मालिकेतले रेझिस्टर. जुन्या १२ एमबीपीएसच्या चिपांना तिथं २२ किंवा ३३ ओहम लावायचे. हाय-स्पीड यूएसबीत, म्हणजे ४८० एमबीपीएसमध्ये, प्रत्येक लाइनीला ४५ ओहमचं टर्मिनेशन (टोकाचा जुळवणीचा रेझिस्टर) चिपच्या आतच असतं. त्यामुळे तिथं शून्य ओहमचे रेझिस्टर लावा. नसतील तर पॅड अगदी जवळ असल्यास सोल्डरचा थेंबही चालतो, पण शून्य ओहमचा रेझिस्टर नीटस दिसतो आणि हवा तेव्हा काढता येतो.

लावण्याआधी एक गोष्ट बघा. जिथे यूएसबी वापरायचं नाही तिथे काही बोर्डांवर या दोन्ही लाइनी छोट्या रेझिस्टरने ग्राउंडला बांधून ठेवलेल्या असू शकतात. चिपच्या बाजूच्या पॅडवरून ग्राउंडपर्यंतचा ओहम मोजा, राउटर बंद असताना. दोन्ही लाइनी सारखं मूल्य दाखवायला हव्यात. अगदी कमी ओहम दाखवले तर तसा रेझिस्टर शोधून काढून टाकावा लागेल. मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवून लाल प्रोब ग्राउंडला आणि काळा लाइनीला लावूनही बघा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर चिपच्या त्या पायांची तब्येत ठीक आहे.

ते ट्रॅक चिकटून का जातात असं तुमच्या मनात आलं असेल. दोन्हींमधला डिफरन्शियल इंपीडन्स (वेगवान सिग्नलला होणारा विरोध) ९० ओहम राहावा म्हणून रुंदी आणि अंतर ठरवलेलं असतं. म्हणून शक्यतो बोर्डचेच ट्रॅक वापरा, अधेमधे लांब जंपर टाकू नका. जंपर टाकावाच लागला तर यूएसबी केबलमधली हिरवी-पांढरी जोडी पीळ न सोडता वापरा आणि जितकी आखूड ठेवता येईल तितकी ठेवा.

सॉकेटजवळ सहा पायांच्या बारीक आयसीची जागा फोटोत दिसतेय. ती ईएसडी (स्थिर विजेचे झटके) संरक्षणाची असावी, यूएसबीएलसी ६-२ सारखी. पायांची जुळणी डेटाशीटवरून तपासून ती मात्र जरूर लावा. बागेत लांब वायर, कोरडी हवा, विजांचा कडकडाट. घरातल्या टेबलावर जे चालून जातं ते तिथं नाही चालत.

नाशिकरोड_७३ | रविवार, रात्री ८:००

वाचनखूण साठवली. माझ्याकडेही अशाच जागेचा बोर्ड आहे. भोकांत आधीच सोल्डर भरलेलं आहे, ते कसं काढायचं? ग्राउंडचं भोक काही केल्या मोकळं होत नाही.

सातपूरकर | रविवार, रात्री ९:१५

ग्राउंडचं भोक सगळ्यांनाच छळतं. त्याच्याभोवती बोर्डभर पसरलेलं तांबं असतं, गनची उष्णता भोकात थांबतच नाही, सगळीकडे पसरते.

कंपनीचं सोल्डर बिनशिशाचं असतं, २१७ अंशांच्या पुढे वितळतं. आपलं ६३/३७ चं शिसंवालं सोल्डर १८३ ला वितळतं. म्हणून काढण्याआधी थोडं आपलं सोल्डर त्यात घाला. उलट वाटेल, पण दोन्ही मिसळलं की लवकर वितळतं. भरपूर फ्लक्स लावा. टोकदार बिट नको, छिन्नीसारखा चपटा बिट घ्या, तो भोकाच्या कडेला पूर्ण टेकतो. गन ३५० अंशांवर. बोर्ड उभा धरा, एका बाजूने बिट टेकवा आणि चार-पाच सेकंद थांबा. सोल्डरची खळी चकाकून किंचित खाली बसली की आरपार वितळलं समजा. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने सोल्डर सकर मारा. एका दमात नाही आलं तर बोर्ड थंड होऊ द्या, परत फ्लक्स, परत तेच. हॉट एअर असेल तर खालून १५० अंशांपर्यंत बोर्ड तापवून घ्या, मग भोक लगेच सुटतं.

ड्रिल फिरवू नका. भोकाच्या आत तांब्याची बारीक नळी असते, वरचा ट्रॅक खालच्याला तीच जोडते. ड्रिलने ती नळी निघून येते आणि मग बीप नाही, काही नाही.

सॉकेट नवीन घ्यायचीही गरज नाही. बिघडलेल्या डीव्हीडी प्लेअरमधून किंवा सेट टॉप बॉक्समधून काढा. लावताना आधी बाजूच्या दोन मोठ्या पायांना भरपूर सोल्डर द्या. पेन ड्राइव्ह खुपसण्या-उपसण्याचा सगळा जोर त्या दोन पायांवर येतो. तिथं सोल्डर कमी पडलं तर जोर चार बारीक पिनांवर जाऊन पॅड उखडतात.

द्राक्षवेल_ओझर | पुढचा शनिवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. पोर्ट बसला!

ताई, तुम्ही सांगितलेला ओहमचा प्रकार इथं होताच. चिपच्या बाजूने दोन्ही लाइनी बारीक रेझिस्टरने ग्राउंडला बांधलेल्या होत्या. ते दोन्ही काढले, शून्य ओहमचे लावले, ईएसडीची आयसीही लावली. मॉड्यूल ५.१ वर सेट करून लॅन सॉकेटांच्या मागे कॅप्टॉन टेपमध्ये (उष्णता सोसणारी टेप) गुंडाळून ठेवलं. ग्राउंडचं भोक काकांनी सांगितलं तसंच सुटलं, सोल्डर चकाकून खाली बसतं ते डोळ्यांनी दिसतं. फर्मवेअर पंचवटीकरांनी सांगितल्याप्रमाणे डिव्हाइस ट्रीमधली ओळ बदलून बांधला.

पेन ड्राइव्ह लावला की कर्नलच्या नोंदीत नवं हाय-स्पीड उपकरण मिळाल्याची ओळ लगेच येते. पण बागेचं यंत्र लावलं की गाडी अडते. कधी ओळखतं, कधी एरर वजा ७१, ओळखलं तरी मधेच तुटतं. तेच यंत्र लॅपटॉपला व्यवस्थित चालतं. केबल बदलून बघितली. ५ व्होल्ट मोजले, यंत्र लावल्यावरही ५.०५ आहेत.

अमृतधाम | शनिवार, रात्री १०:५५

वजा ७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर, लाइनीवरचे संदेश मोडतोड होऊन पोचतायत. वजा ११० आला असता तर उत्तरच आलं नाही असा अर्थ. एरवी मी ७१ बघून लगेच डेटा लाइनींचं सोल्डर तपासायला सांगितलं असतं. पण पेन ड्राइव्ह ४८० एमबीपीएसला ओळखला जातोय आणि सीएच ३४० तर १२ एमबीपीएसची चिप. अवघड ते चाललंय आणि सोपं ते अडलंय. म्हणजे तुमचं सोल्डरिंग चांगलं आहे. कारण दुसरीकडे शोधायला हवं.

पंचवटी_लिनक्स | शनिवार, रात्री ११:२०

कारण मला माहीत आहे. या पिढीच्या चिपबद्दल ही तक्रार ओपन-डब्ल्यूआरटीच्या मंडळींत जुनी आहे. यूएसबी १.१ च्या वेगाची (१२ एमबीपीएसची) उपकरणं थेट लावली तर नीट चालत नाहीत, अर्डुइनोचे छोटे बोर्ड जोडणाऱ्यांनाही हाच अनुभव. उपाय सोपा आहे, मधे साधा यूएसबी २.० हब लावा.

हबमध्ये ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर असतो. तो दुभाष्यासारखा मधे बसतो. राउटरशी ४८० च्या वेगाने बोलतो आणि यंत्राशी १२ च्या. राउटरला हळू उपकरणाशी थेट बोलावंच लागत नाही. हब खरोखर २.० चा आहे ना ते बघा, कर्नलच्या नोंदीत तो हाय-स्पीड म्हणून आला पाहिजे. फुल-स्पीड (१२ एमबीपीएस) म्हणून आला तर तो १.१ चा, त्याचा उपयोग नाही.

सातपूरकर | रविवार, सकाळी ८:१०

हब लावणार असाल तर बाहेरून अडॅप्टर लागणारा घेऊ नका. स्वस्त हबांत अडॅप्टरचे ५ व्होल्ट उलटे राउटरकडे येतात. राउटर बंद केला तरी हबमधून त्याच्या पोटात वीज जात राहते. तुमच्या यंत्राला आणि हबला मिळून पोर्टचा अर्धा अँपिअर पुरेल.

द्राक्षवेल_ओझर | सोमवार, रात्री ९:०५

हब लावला आणि यंत्र पहिल्या झटक्यात आलं. काल दुपारपासून एकही एरर नाही, दर दहा मिनिटांनी आकडे घरच्या संगणकावर येतायत. आज पहाटे दव होतं, पान पावणेसहापासून साडेआठपर्यंत ओलं होतं. हे मला घरी बसून कळलं. किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. तुम्हा सगळ्यांमुळे झालं.

आता शेवटचा प्रश्न. शेतीच्या फीडरला वीज आठच तास, तीही पाळीने, आठवडा दिवसा तर आठवडा रात्री. शेडमध्ये १२ व्होल्टची बॅटरी आणि सोलर पॅनल आहे. राउटर थेट त्यावर लावू का?

सातपूरकर | सोमवार, रात्री ९:५०

थेट नको. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते. राउटरच्या जॅकजवळचा उभा कपॅसिटर बघा, त्यावर बहुधा १६ व्होल्ट लिहिलेलं असेल. १४.४ वर तो लगेच फुटणार नाही, पण उन्हात तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याला एवढ्या कडेवर चालवणं बरं नाही. आणखी एक मॉड्यूल घ्या, बॅटरीपासून ९ व्होल्ट करा आणि ते राउटरच्या जॅकला द्या. आतलं ५ व्होल्टचं मॉड्यूल आहे तसंच राहू द्या. बॅटरीच्या प्लसला, अगदी टर्मिनलपाशी, २ अँपिअरचा फ्यूज लावा. मॉड्यूल जळालं तर वायर तापून शेड पेटायला नको.

डबी भिंतीला उभी लावा, केबल खालून काढा आणि तिला खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी वळशावरून गळून जाईल. फवारणीचं औषध आणि दमटपणा तांब्याला खातात. सोल्डरिंगच्या जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन फ्लक्स काढा आणि मग पीसीबीचा कोटिंग स्प्रे मारा. सॉकेटच्या तोंडात आणि लॅनच्या सॉकेटांत स्प्रे जाऊ देऊ नका, आधी टेप लावा.

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:१०

अभिनंदन. मी नवीन घ्या म्हणालो होतो, पण धागा वाचून ‘जे ५’ वाले आणखी कितीतरी राउटर कामाला येतील असं वाटतं. माझ्या भावाची बाग निफाडला आहे, थंडीत तिथं पारा फार खाली उतरतो. पहाटेचं तापमान घरी कळलं तर शेकोटी कधी पेटवायची हे ठरवता येईल. तुमचा बांधलेला फर्मवेअर आणि डिव्हाइस ट्रीची बदललेली ओळ इथे जोडाल का?

द्राक्षवेल_ओझर | सोमवार, रात्री १०:३५

नक्की. फाइल जोडलीय. मात्र बोर्डची आवृत्ती तपासल्याशिवाय टाकू नका, एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत चिपच वेगळी असू शकते. खालच्या स्टिकरवर आवृत्ती लिहिलेली असते.

नाशिकरोड_७३ | मंगळवार, दुपारी १:२०

काका, ग्राउंडचं भोक सुटलं, धन्यवाद. आता माझ्या सेट टॉप बॉक्सच्या बोर्डवरही एक रिकामी जागा सापडलीय, पण तिथं चार नाहीत, पाच बारीक पॅड आहेत. हेही यूएसबीच का?

सातपूरकर | मंगळवार, दुपारी २:४५

पाच म्हणजे मिनी किंवा मायक्रो यूएसबी असावी. पहिला ५ व्होल्ट, दुसरा डी मायनस, तिसरा डी प्लस, चौथा आयडी, पाचवा ग्राउंड. आयडी पाय ग्राउंडला जोडला तर बॉक्स मालकाच्या भूमिकेत जातो आणि पेन ड्राइव्ह वाचू शकतो. मोकळा ठेवला तर तो स्वतःच दुसऱ्या संगणकाचं उपकरण बनतो. चिपला दोन्ही जमत असेल तरच हा खेळ. पण अशी जागा बहुधा कंपनीच्या सर्व्हिससाठी ठेवलेली असते, आणि सेट टॉप बॉक्सचा फर्मवेअर कुलूपबंद असतो, त्यामुळे हार्डवेअर जमलं तरी पेन ड्राइव्ह दिसेल याची खात्री नाही.

वेगळा धागा काढा. चिपचा नंबर, अडॅप्टरवरचा मजकूर आणि दोन्ही बाजूंचे फोटो पहिल्याच पोस्टमध्ये टाका.